काजळी, मोड आणि पाइनच्या फळ्या : नाशिकच्या घरसजावटीची पार्श्वभूमी

कमी पैशात, घरच्या घरी काहीबाही करून घर देखणं कसं करावं, हा प्रश्न नाशिकच्या वाड्यात शंभर वर्षांपूर्वी कुणाला पडला नसता. पैसा मुबलक होता असं अजिबात नाही. सजावटीसाठी निराळा पैसा बाजूला काढायची रीतच बहुतेक घरांत नव्हती. वर्षाकाठी घराची जी डागडुजी करावी लागे तिच्यातच सजावट उरकली जाई. या दोन गोष्टी एकमेकींपासून कधी आणि कशामुळे तुटल्या, हे पाहिलं की आजच्या ‘डीआयवाय’च्या, म्हणजे ‘डू इट युवरसेल्फ’च्या, हौसेचा उगम बराचसा लक्षात येतो. ही गोष्ट सुरू होते काजळीपासून.

रविवार कारंजा, सराफ बाजार, तांबट गल्ली, पंचवटी या भागांतले जुने वाडे खाली दगडी जोतं, वर विटा-माती आणि आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा अशा बांधणीचे. भिंती हात-दीड हात जाड. एवढ्या जाड भिंतीत कोनाडा ठेवायला वेगळा खर्च येत नाही, उलट चार विटा वाचतात. म्हणून दाराशेजारी कोनाडा, माजघरात कोनाडा, जिन्यात कोनाडा. त्यात पणती नाहीतर रॉकेलची चिमणी. फडताळ आणि देवळी ही त्याचीच भावंडं. भिंतीत ठोकलेली लाकडी खुंटी ही पगडी-उपरण्यापासून कंदिलापर्यंत सगळ्यांची जागा. आज छायाचित्रांत हे फार छान दिसतं, पण त्या काळी प्रत्येक कोनाड्याच्या वर काजळीची काळी जीभ असे. स्वयंपाकघरात चुलीचा धूर. भर म्हणून गोदाकाठची ओल आणि पावसाळ्यानंतर भिंतीला आलेले पोपडे. दसऱ्या-दिवाळीआधी भिंतींना हात लावल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तो हात म्हणजे चुना. कळीचा चुना पिंपात भिजत घालायचा, तो स्वतःच उकळून फुटायचा. या कामात पोरांना लांब ठेवत, कारण उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. निवला की फडक्यातून गाळायचा, डिंकाचं पाणी घालायचं आणि शेवटी निळीची पुरचुंडी फिरवायची, म्हणजे भिंतीचा पिवळटपणा मरतो. नीळ जरा जास्त पडली की खोली फिकट निळी होई. तो निळा रंग पुढे लोकांना आवडू लागला आणि मुद्दाम दिला जाऊ लागला. भिंतीच्या पायथ्याशी गेरूची तांबडी पट्टी, कारण सारवताना जमिनीचे शिंतोडे तिथेच उडायचे. ही पट्टी मला फार बोलकी वाटते. पुढे तिची जागा कमरेपर्यंतच्या ऑइल पेंटने घेतली, शाळांमध्ये, दवाखान्यांत आणि चाळीच्या जिन्यांतही. हल्ली ‘अर्धी भिंत गडद, अर्धी फिकी’ अशी जी टूम आहे, तिच्यामागेही डाग लपवण्याचा तोच हिशेब आहे, सांगत कुणी नाही इतकंच.

श्रीमंतांचं निराळं. चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालात लाकडावरचं कोरीव काम आणि भिंतींवरची चित्रं आजही पाहायला मिळतात. पण ती चितारी-सुतारांना पदरी बाळगणाऱ्यांची सजावट. सामान्य घरात चित्र म्हणजे दारापुढची रांगोळी आणि चैत्रातलं चैत्रांगण. अशा चित्रांचा उल्लेख बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘अभिलषितार्थचिंतामणी’ या ग्रंथातही आढळतो, म्हणजे परंपरा बरीच जुनी. खर्च मात्र चिमूटभर पिठीचा.

भिंतीवर टांगायचं चित्र सामान्यांच्या घरी आलं ते छापखान्यामुळे. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका घरोघरी पोचल्या. नाशिककरांना इथे एक आपला माणूस भेटतो. त्र्यंबकेश्वरी १८७०मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छपाईच्याच धंद्यात होते आणि रविवर्म्याच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं होतं. या तसबिरी बायका नुसत्या टांगत नसत. लक्ष्मीच्या छापील लुगड्यावर खऱ्या कापडाचा तुकडा, काठाला जर, गळ्यात बारीक मणी, सगळं खळीने चिकटवायचं आणि मग काचेत बसवायचं. अशा नटवलेल्या तसबिरी आता जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे चांगल्या भावाने जातात. बाजारातून आणलेल्या छापील मालावर घरच्या हाताने काम करून तो आपला करून घ्यायचा, ही कल्पना एवढी जुनी आहे.

आता तांब्या-पितळेकडे. यासाठी नाशिक ओळखलं जातं आणि भांडी बाजार हे नावच त्याची साक्ष आहे. जुन्या घरात भांडी हीच शोभा होती. फळीवर ओळीने लावलेले डबे, एकावर एक घागरींची उतरंड, न्हाणीघरात घंगाळ आणि बंब. चिंच, आमसूल, राख लावून घासली की झळकत. हेही डागडुजीतच आलं : आतून कल्हई लावून घेतली नाही तर पितळेत आंबट कळकतं, म्हणून कल्हईवाला यायचाच आणि त्याच्या येण्याने घर उजळायचंच.

मग स्टील आलं. त्याला कल्हई नको, चिंच नको. साठ-सत्तरच्या दशकांत घराघरांतून पितळ बाहेर पडू लागलं. हंडे, परात, पानाचे डबे वजनावर मोडीत गेले आणि त्या पैशात स्टीलचे डबे आले. जुन्या कपड्यांवर बोहारीण स्टीलची पातेली देऊन जाई. जरीच्या साड्यांचंही तेच झालं. जुनी खरी जर वितळवली की चांदी निघते, म्हणून विरलेल्या रेशमी साड्या जर विकत घेणाऱ्यांकडे गेल्या. येवल्यात विणल्या जाणाऱ्या पैठणीचा काठ आज कुणाच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेला दिसतो, तेव्हा तो या भट्टीतून सुटलेला तुकडा असतो. ज्या घरांनी घंगाळ मोडीत दिलं त्याच घरांतली पुढची पिढी आता दारात पाणी-फुलं ठेवायला घंगाळ विकत घ्यायला जाते. देताना मिळाला होता मोडीचा भाव, घेताना वजनावर घडणावळही पडते. बायकांना या हिशेबाचं हसू येतं आणि रागही येतो, दोन्ही रास्त.

ज्यांना घरीच काही बनवायचं होतं, त्यांची शाळा होती रुखवत. लग्नात मांडायच्या या रुखवतात विणलेले टेबलक्लॉथ, मण्यांची तोरणं, लोकरीचे पोपट, सुपारीचे नवरा-नवरी, कोरलेली खोबऱ्याची वाटी, वायरच्या पिशव्या, पुढे आइस्क्रीमच्या काड्यांचे बंगले, असा सगळा संसार असे. बरंचसं निरुपयोगी होतं, हे मान्य करायला हरकत नाही. लग्नानंतर ते शोकेसमध्ये जाई आणि धूळ खाई. पण सुई, कात्री आणि मोजपट्टी हातात बसायची ती यातूनच. ‘स्त्री’ मासिक १९३०मध्ये निघालं. पुढच्या काळात बायकांच्या मासिकांनी विणकाम-भरतकामाचे नमुने छापले आणि शेजारणीकडून उतरवून घ्यायचा नमुना छापील रूपात घरी येऊ लागला. गोधडीला मात्र कुणी नमुना दिला नाही. ती जुन्या लुगड्या-धोतरांतून निघायची, तिला मांडून ठेवायचा कुणी विचार केला नाही, आणि गंमत म्हणजे आज सोफ्यावर टाकायला सगळ्यात जास्त मागणी तिलाच आहे.

याच सुमारास दोन डब्यांनी घरातलं काम बदललं. पहिला डालड्याचा. १९३७ साली बाजारात आलेलं हे वनस्पती तूप संपलं की डबा उरे, तळाला खिळ्याने भोकं पाडली की तुळशीची किंवा कोरफडीची कुंडी तयार. दुसरा फेव्हिकॉलचा. १९५९पूर्वी लाकूड जोडायला सरस लागे. तो जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला, गरम करून पातळ करावा लागणारा, आणि त्याचा वास घरभर. सुताराखेरीज कुणी त्याच्या वाटेला जात नसे. पांढरा डिंक थेट डब्यातून वापरता येऊ लागला आणि सुतारकामातलं निदान चिकटवण्याचं काम कुणालाही करता येऊ लागलं. घरगुती हौसेचा इतिहास लिहिताना याला मी रंगापेक्षा वरचं स्थान देईन.

रंगाने वेगळीच गोष्ट केली. एशियन पेंट्स १९४२मध्ये सुरू झाली. १९५४मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात कुंचला घेतलेला खट्याळ गट्टू रेखाटला. चुन्याच्या जागी डिस्टेंपर येत गेला. घरात वीज होती, मग गॅस आला. काजळी संपली. दरवर्षी भिंत रंगवायचं कारणच उरलं नाही. जो रंग आता पाच-सात वर्षं टिकणार तो लावायला माणसं लावायची, एकरकमी खर्च करायचा, आणि मधल्या वर्षांत भिंतीकडे बघायचं नाही. डागडुजी आणि सजावट तुटली ती इथे.

नाशिकमध्ये हा बदल वस्तीबरोबर आला. औद्योगिक विकास महामंडळ १९६२मध्ये स्थापन झालं, सातपूर आणि नंतर अंबडला कारखाने उभे राहिले, सिडकोने नवीन नाशिक वसवायला घेतलं आणि १९८२मध्ये महापालिका झाली. माणसं वाड्यातून छोट्या घरांत आणि फ्लॅटमध्ये गेली. चार-सहा इंची भिंतीत कोनाडा बसत नाही. खुंटी ठोकता येत नाही, ड्रिल करून प्लग घालावा लागतो. भाड्याचं घर असेल तर मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. ज्यांना तरी कोनाडा हवाच असतो ते भिंतीपुढे जिप्समची दुसरी भिंत उभी करतात आणि आधीच लहान असलेल्या खोलीतली अर्धा फूट जागा घालवतात. वाड्यात जो फुकट होता त्याला आता इंटिरियरवाल्याचं कोटेशन लागतं. भिंतीवर काय लावायचं याचं उत्तर बरीच वर्षं कॅलेंडर हेच होतं. ‘कालनिर्णय’ १९७३मध्ये निघालं, पण त्याच्या पाठीला आधीचं देवाचं कॅलेंडर कित्येक घरांत तसंच लटकलेलं राही, चित्र चांगलं आहे म्हणून.

हाताने करायची सवय मात्र एका जागी शाबूत राहिली, ती गणपतीच्या मखरात. दरवर्षी नवं काहीतरी करायचं, बजेट थोडं, मुदत ठरलेली, आणि आरतीला येणाऱ्या पाहुण्यांकडून दाद हमखास. अनेक वर्षं त्याचं साहित्य म्हणजे थर्माकोल. मार्च २०१८मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली, तेव्हा घराघरांत थोडी पंचाईत झाली. मग पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, कागदी फुलं, जुन्या साड्या, बारदान यांकडे लोक वळले. मखर उतरल्यावर पुठ्ठ्याची कमान शेल्फावर जाते, साडीचा पडदा होतो, बारदानाची दिव्याला शेड होते. उरलेल्या वस्तूंना वर्षभर जागा मिळू लागली हा या बंदीचा न ठरवलेला फायदा.

वारलीची गोष्ट थोडी वेगळी आणि थोडी अवघडही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात आणि लगतच्या पालघरात ही चित्रं गेरू-शेणाने लिंपलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी काढली जात. ती काढणाऱ्या बायका असत आणि मधल्या चौकोनी चित्रचौकटीत, म्हणजे चौकात, पालघट देवीची प्रतिष्ठा असे. भिंत पुन्हा लिंपली की चित्र गेलं. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ती कागदावर आली. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. आज ती स्टेन्सिलने फ्लॅटच्या भिंतीवर, कुंड्यांवर, चहाच्या कपांवर सगळीकडे आहे. स्वस्त आहे, सुंदर दिसते. तरी कुंडीवर लग्नाचा चौक काढण्याआधी तो चौक कशासाठी होता एवढं विचारून घ्यावं, असं माझं मत. तारपा या फुंकवाद्याभोवती नाचणाऱ्यांची रांग काढा, कुणाची हरकत नसावी.

आणि आत्ताचं साहित्य? प्रत्येक काळात नाशिकच्या घराने शहराच्या धंद्यातलं उरलंसुरलं वापरलं आहे, आजही तेच चाललंय. वायनरी वाढल्या, विशेषतः २००१च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर, तशा रिकाम्या बाटल्या घरात आल्या. गरम पाण्यात सोडा घालून रात्रभर ठेवली की लेबल सुटतं. आत तारेचे दिवे किंवा मनीप्लांट. बाटली कापायच्या भानगडीत न पडलेलं बरं, काचेचा कण तळहातात जातो. बाजारसमित्यांच्या आसपास बारदान मिळतं. ते उन्हात वाळवून, झटकून मगच आत आणावं, नाहीतर किडे येतात. सातपूर-अंबडला यंत्रं ज्या पाइनच्या खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतात, ती लाकडं भंगारवाल्याकडे जातात आणि तिथून कुणाच्या बाल्कनीत बाक किंवा झाडांची शिडी होऊन पोचतात.

या पॅलेटवर एक शिक्का असतो, तो वाचल्याशिवाय लाकूड घेऊ नये. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडी खोक्यांतून कीड पसरू नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकूड तापवून कीड मारली असेल तर शिक्क्यात इंग्रजीत ‘एचटी’ ही अक्षरं असतात, मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली असेल तर ‘एमबी’. घरात, त्यातून मुलांच्या खोलीत, एचटीचंच लाकूड घ्यावं. शिक्काच नसेल तर सोडून द्यावं. रंग लावण्याआधी सगळे खिळे आणि पिना पक्कडीने काढाव्या लागतात, आणि पाइनचं लाकूड मऊ असल्याने स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडलं नाही तर फळी टोकाला चिरते.

जुन्या चुन्याच्या भिंतीचीही हल्ली हौस आली आहे. ती करू पाहणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं : चुना शोषून घेणाऱ्या पृष्ठभागावरच धरतो. प्लास्टिक इमल्शनवर मारला तर वाळल्यावर भुकटी होऊन हाताला लागतो. आधीचा रंग पॉलिश पेपरने किंवा खरवडून प्लास्टरपर्यंत काढायचा, भिंत पाण्याने ओली करायची आणि पातळ चुन्याचे तीन-चार हात एकावर एक द्यायचे. वाड्यात हे कुणाला सांगावं लागत नसे, कारण तिथे खालीही चुनाच असायचा.