आईचे दूध काढून ठेवणे

बाळ अंगावर ओढत नसेल किंवा आई जवळ नसेल, तेव्हा स्तनातील दूध हाताने वा पंपाने काढून बाळाला पाजण्याची पद्धत. बोलण्यात याला ‘दूध पिळणे’ म्हणतात. ही क्रिया आपल्या घरांना नवी नाही. छाती दाटून गाठी झाल्या की घरातली जाणती बाई शेकायला सांगते, दूध पिळून टाकायला लावते, आणि ते मोरीत जाते. तेच स्वच्छ वाटीत धरले तर बाळाला पाजता येते, हे अनेकींना कळते ते बाळ काचेच्या पेटीत असताना, परिचारिकेकडून.

साधारण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ जमत नाही. त्याला दूध नळीने देतात, आणि आईला दिवसरात्र मिळून निदान आठ वेळा ते काढावे लागते. रात्रीची वेळ चुकवू नये, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त पाझरते. छाती रिकामी होते तसे नवे दूध बनते. ‘काढले तर संपेल’ असे म्हणतात खरे, पण आटते ते साचून राहिलेले दूध.

हाताने काढायला पैसा लागत नाही, सराव लागतो. हात साबणाने धुवून अंगठा वर आणि तर्जनी खाली, स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला ठेवतात. आधी छातीकडे मागे दाबून मग दोन्ही बोटे जवळ आणतात आणि सोडतात. बोंडशी ओढायची नाही, कातडीवर बोटे घासायची नाहीत. पहिली एक-दोन मिनिटे नुसते थेंब येतात आणि बहुतेक जणी इथेच हात टेकतात. पान्हा फुटला की धारा लागतात. बाळाचे झबले हुंगल्यानेही पान्हा येतो. पहिल्या दिवसांतला चीक चमचाभरच निघतो, तेवढा पुरतो.

काढलेले दूध खोलीत सुमारे चार तास, फ्रीजमध्ये २४ तास टिकते. वर साय धरली म्हणजे नासले असे नव्हे, भांडे हलके फिरवले की ती मिसळते. उकळू नये, कोमट पाण्यात भांडे ठेवून थंडपणा घालवावा. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आजीचे बोंडले बरे, धुवायला सोपे.

प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईची पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. मोलकरणीला आणि शेतमजूर बाईला यातले काहीच मिळत नाही, आणि दूध काढून ठेवण्याची खरी गरज तिलाच आहे.

स्वतःच्या बाळाला पुरून उरलेले दूध दानही करता येते. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली. दुग्धपेढीत दात्या आईची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून गोठवतात, आणि ते अतिदक्षता विभागातल्या, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांना देतात.