दोघींच्या गोष्टी: मांगा मालिका घेण्याआधी वाचा

ग्राहकहो,

नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या दोन बायकांच्या प्रेमकथा सांगणाऱ्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आम्ही ठेवायला लागल्यापासून काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात. एक जरा आडून विचारला जातो: घरात कुणाच्या हाती पडलं तर चालेल ना? चालेल. खाली जिच्याबद्दल सविस्तर लिहिलंय त्या मालिकेत उघडंनागडं काही नाही. दुसरा प्रश्न पहिला भाग परत करायला आलेले लोक विचारतात: यात पुढे काही होतं की नाही? हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी.

बायकाबायकांच्या प्रेमकथांना जपानीत ‘युरी’ म्हणतात. मुलींच्या शाळेतल्या हळव्या मैत्रीच्या गोष्टी तिथे शंभर वर्षांपूर्वीही आवडीने वाचल्या जायच्या. नोबुको योशिया यांच्या ‘हाना मोनोगातारी’तल्या कथा १९१६ पासून छापून येऊ लागल्या. पुढेही बराच काळ या गोष्टी शाळेच्या आवारातच घुटमळत राहिल्या. ऑफिस, भाड्याची खोली, पगार, आईवडिलांचे फोन हे सगळं त्यांत ठळकपणे आलं ते अलीकडे. आमच्या मते खरी गंमत तिथेच सुरू होते.

सुरुवात कुठून करावी

साकाओमी युझाकी यांची ‘शी लव्ह्ज टू कुक, अँड शी लव्ह्ज टू ईट’. जपानमध्ये पहिला भाग २०२१ मध्ये आला, येन प्रेसची इंग्रजी आवृत्ती २०२२ पासून मिळते. जपानच्या एनएचके वाहिनीने २०२२ मध्ये तिच्यावर टीव्ही मालिका केली आणि २०२४ मध्ये दुसरं पर्व आणलं.

नोमोटो एकटी राहते. डोक्याला ताप झाला की घरी येऊन पातेलंभर काहीतरी रांधते, पण तिचं स्वतःचं खाणं चिमणीएवढं. ऑफिसात तिचा डबा पाहून कौतुक होतं ते ‘चांगली बायको होशील’ असं. तिला स्वयंपाक आवडतो म्हणून ती करते, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्याच इमारतीत कासुगा राहते. उंच, धिप्पाड, मोजकं बोलणारी आणि पोटभर जेवणारी. एकदा केलेलं संपता संपेना म्हणून नोमोटो तिला जेवायला बोलावते. मग एक दिवस झाला, दुसरा झाला, आणि दोघींच्या जेवणाचा परिपाठच पडतो.

पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. कासुगा खानावळीत जेवायला बसते. बाईमाणूस बघून मालक आपणहून भात कमी वाढतो. ती आवाज न चढवता सांगते, नेहमीएवढाच वाढा. बस्स, एवढंच. तिच्या आईवडिलांच्या घरी बाप आणि भावाच्या ताटात जास्त वाढलं जायचं, हे आपल्याला नंतर कळतं. पुरुषांची पंगत उठेपर्यंत थांबलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रेमाचं म्हणाल तर नोमोटोला स्वतःलाच आधी पत्ता नसतो. आपल्याला काय होतंय हे ती चक्क इंटरनेटवर शोधत बसते. मनातलं कोण कधी बोलून दाखवतं ते आम्ही सांगणार नाही, तिसऱ्यांदा विचारलंत तरी नाही.

मनातलं बोलायला इतका वेळ का लागतो

जपानमध्ये नातं सुरू होतं ते साधारणपणे कुणीतरी समोर येऊन ‘तू मला आवडतेस’ असं स्पष्ट म्हटल्यावर. त्याआधी कितीही एकत्र जेवलात तरी ते धरलं जात नाही. त्यात दोन बायकांच्या लग्नाला तिथे कायद्याची मान्यता नाही. टोकियोतल्या शिबुया आणि सेतागाया या विभागांनी २०१५ मध्ये अशा जोडप्यांना जोडीदार म्हणून दाखले द्यायला सुरुवात केली, पण दाखला म्हणजे लग्न नव्हे. तिशीतल्या बाईने तोंड उघडायचं म्हणजे नोकरी, घरमालक, आईवडील या सगळ्यांचा हिशेब आला. शाळकरी मुलींच्या लाजण्यापेक्षा हे गप्प राहणं वेगळ्या वजनाचं असतं.

वाचायचं कसं

पुस्तक उजवीकडून डावीकडे. ज्याला आपण शेवटचं पान म्हणतो तिथून सुरुवात, आणि चौकटीही त्याच क्रमाने.

घाई नको. संवाद तेवढे वाचून पानं उलटलीत तर अर्ध्या तासात पुस्तक संपेल आणि ‘नुसत्या जेवतातच की’ असं वाटेल. फुग्यात नुसतेच ठिपके असतील तिथे थांबा. वाढणारीचा हात, खाणारीचे डोळे, गालांवरच्या बारीक तिरप्या रेघा, मग रिकामी वाटी. गोष्ट तिथे पुढे सरकते. दोघी एकमेकींना आडनावापुढे ‘सान’ लावून हाक मारतात, म्हणजे आपलं अहो-जाहोच. त्याकडेही लक्ष असू द्या.

याच्या पुढे

शिओ उसुई यांची ‘डोनट्स अंडर अ क्रेसेंट मून’ चार भागांत संपते. एकाच ऑफिसातल्या दोघी. एक चारचौघींसारखं दिसायची धडपड करून थकलेली, दुसरी धाकट्या बहिणीला सांभाळणारी. मुक्या प्रेमाची ओढ असेल तर हीच घ्या. ताकाको शिमुरा यांची ‘ईव्हन दो वी आर अडल्ट्स’ दहा भागांची आहे, पण तिची जातकुळी वेगळी: यातली शिक्षिका अयानो विवाहित आहे आणि चुंबन पहिल्याच भेटीत होऊन बसतं. पुढचं सगळं निस्तरणं. आम्हाला ती आवडते, पण सुरुवातीला देत नाही.

नकली प्रतींबद्दल

रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या प्रतींत करड्या छटांचे ठिपके एकमेकांत मिसळून काळे डाग होतात, शिवणीकडचे शब्द कापले जातात आणि गालांवरच्या त्या रेघा तर दिसतच नाहीत. मारामारीच्या मांगात हे एकवेळ खपून जाईल, इथे नाही. शंका असेल तर आमच्याकडची उघडी प्रत शेजारी ठेवून पाहा.

आमच्याकडच्या सगळ्या प्रती इंग्रजीत आहेत. आधी पहिलाच भाग न्या. अख्खा संच आम्हीही गळ्यात मारणार नाही. मधला एखादा भाग संपला असेल तर तो बाहेरून मागवावा लागतो आणि वेळ लागतो, तेव्हा नाव व फोन नंबर वहीत लिहून जा. पार्सल साध्या खाकी कागदात येतं, वर पुस्तकाचं नाव नसतं. पुस्तक परत करायचं असेल तर आठ दिवसांत, पावतीसह आणि पानांवर डाग न पाडता. जेवताना वाचू नका.