फौजी गेल्यानंतर घरच्यांची पेन्शन : माजी सैनिकांच्या पत्नी व मुलांसाठी माहितीपत्रक

घरातला पेन्शनर फौजी गेला की पेन्शन आपोआप बाईच्या नावावर होते, असा बहुतेक घरांत समज असतो. तसं होत नाही. कुटुंब निवृत्तीवेतन हा पत्नीचा हक्क आहे, पण तो सुरू करून घ्यावा लागतो, आणि कागदावरची नावं जुळली तरच तो लवकर सुरू होतो. पेन्शनचे कागद तयार करून घ्यायला आणि पाठपुराव्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या घरांपैकी ज्यांचं काम रखडतं, त्यांचं बहुधा नावापाशीच अडलेलं असतं. म्हणून या पत्रकात आधी नावाचं बोलू, पैशांचं नंतर.

नाव आणि जन्मतारीख

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. समजा, माहेरची हौसाबाई सासरी सुनंदा झाली. नवऱ्याने पलटणीत लग्नाची नोंद केली तेव्हा सांगितलं 'हौसाबाई', पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, इंग्रजीत काहीतरी तिसरंच स्पेलिंग छापलं गेलं, आणि आधार, पॅन, बँक पासबुक निघालं 'सुनंदा' नावाने. नवरा असेपर्यंत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तो गेल्यावर मात्र या दोघी एकच आहेत, हे त्या माउलीलाच सिद्ध करावं लागतं. प्रतिज्ञापत्र, तहसीलदारांचा दाखला, कधी राजपत्रात प्रसिद्धी, मग रेकॉर्ड ऑफिसची (पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीची) मंजुरी, आणि शेवटी प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून दुरुस्त पीपीओ. घरात दुःख असताना हे सगळं करायचं म्हणजे माणूस मोडून जातो.

फौजी हयात असेल तर हेच काम त्याच्या अर्जावर आणि सहीवर होतं, कितीतरी सोपं. तेव्हा हे पत्रक वाचणारे मेजर, सुभेदार, हवालदार जे कुणी असाल, आज पेटीतून पीपीओ आणि डिस्चार्ज बुक (सेवेतून निवृत्त होताना मिळालेलं पुस्तक) काढा. पत्नीचं नाव आधारला अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा. तिची जन्मतारीख लिहिली आहे का, की नुसतं वर्ष आहे, की रकानाच कोरा आहे, तेही पाहा. मुलांची नावं, विशेषतः अपंग मुलाचं नाव, नोंदलंय का बघा. फरक दिसला तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला कळवायचं: मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांनी बेळगावला, बॉम्बे सॅपर्सवाल्यांनी खडकीला, तोफखान्यावाल्यांनी नाशिक रोडला, महार रेजिमेंटवाल्यांनी सागरला. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही सांगू.

मृत्यूनंतर लगेच काय करायचं

ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून मृत्यूचा दाखला घ्या. प्रती जास्त काढून ठेवा, जागोजागी लागतात. मग 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर मृत्यूची नोंद आणि पत्नीचा दावा करायचा. घरी जमलं नाही तर गावातल्या सीएससी केंद्रावर (सरकारी ऑनलाइन सेवांच्या केंद्रावर) किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या, म्हणजे आपल्या सैनिक बोर्डाच्या मदतीने होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मृत्यू कळवला नाही तर नवऱ्याच्या खात्यात पुढच्या महिन्यांची पेन्शन पडत राहते. तो पैसा एटीएमने काढू नका. त्याची पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच असते, दुसऱ्या दिवसापासून पत्नीची सुरू होते. जादा आलेली रक्कम नंतर वसूल होते, आणि तेराव्याच्या खर्चात ती संपून गेली असेल तर ओढाताण होते.

आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं प्रमाणपत्रही शोधा. निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीपर्यंत विम्याचं वाढीव संरक्षण असतं, आणि कित्येक घरांना त्याची आठवणच राहत नाही.

किती मिळते

पेन्शनर फौजीचा मृत्यू साधारण कारणाने झाला तर पत्नीला त्याच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. पगार म्हणजे मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून. कमीत कमी ९,००० रुपये, आणि त्यावर वेळोवेळीची महागाई सवलत वेगळी. वन रँक वन पेन्शनची, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन या नियमाची, सुधारणाही पत्नीच्या पेन्शनला लागू होते.

सुरुवातीची काही वर्षं मात्र दर जास्त असतो: ५० टक्के, पण नवऱ्याच्या स्वतःच्या पेन्शनपेक्षा जास्त नाही. हा वाढीव दर मृत्यूपासून ७ वर्षं, किंवा नवऱ्याने ६७ वर्षं पूर्ण केली असती त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत चालतो. हवालदार ५८व्या वर्षी गेले तर वाढीव दर पूर्ण ७ वर्षं. ६३व्या वर्षी गेले तर ४ वर्षं. ६८व्या वर्षी गेले तर पहिल्या महिन्यापासून ३० टक्केच. शेवटचा पगार ४०,००० धरला तर वाढीव दराने २०,०००, नंतर १२,०००, महागाई सवलत सोडून. हा आकडा एका महिन्यात एकदम खाली येतो आणि बायका घाबरून बँकेत धावतात. बँकेची चूक नसते. वाढीव दर कधी संपतो ती तारीख पीपीओवर असते, ती आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेनंतरचा घरखर्च आधीच बसवून ठेवता येतो.

सेवेत असताना मृत्यू झाला असेल तर वाढीव दर १० वर्षं. मृत्यूचं कारण लष्करी सेवेशी जोडलेलं असेल तर विशेष कुटुंब निवृत्तीवेतन ६० टक्के, आणि युद्धात किंवा लष्करी कारवाईत वीरमरण आलं असेल तर वीरपत्नीला शेवटच्या पगाराइतकं, म्हणजे १०० टक्के. निवृत्तीनंतर घरी गेलेल्या सैनिकालाही सेवेत जडलेल्या आजारामुळे अपंगत्व पेन्शन असेल आणि त्याच आजाराने मृत्यू झाला असेल, तर विशेष कुटुंब निवृत्तीवेतनाचा दावा करता येतो. त्यासाठी दवाखान्याची फाइल जपून ठेवा. दुःखाच्या भरात हे कागद फेकले जातात.

फौजीने पेन्शन विकली असेल, म्हणजे पेन्शनच्या काही भागाची रक्कम एकदम उचलून कम्युटेशन घेतलं असेल, तर ती कपात पत्नीच्या पेन्शनमधून होत नाही. राहिलेली रक्कम कुणी मागूही शकत नाही.

ऐंशी वर्षांची आजी

पत्नीचं वय ८० झालं की तिच्या मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० आणि १०० वर्षांना दुप्पट. वाढ त्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होते. पण तिची जन्मतारीख पीपीओवर नसेल तर तिला ही वाढ कोण देणार? आमच्या मते सगळ्यांत जास्त हक्काचा पैसा इथेच बुडतो, आणि तोही ज्यांना औषधाला लागतो त्या म्हाताऱ्या माणसांचा. घरात ८०च्या पुढची आजी असेल तर तिचं पासबुक आणि पीपीओ घेऊन या. वाढ मिळत नसेल तर आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्रावरून जन्मतारीख नोंदवण्याचा अर्ज करता येतो.

मुलं

आईवडील दोघेही नसतील तर पेन्शन मुलांकडे येते. मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत, लग्न होईपर्यंत किंवा तो कमावू लागेपर्यंत, जे आधी होईल ते. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला २५ नंतरही मिळू शकते, मात्र तिचं उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरची महागाई सवलत यापेक्षा कमी हवं. घटस्फोटित मुलीच्या बाबतीत घटस्फोटाचा दावा आईवडिलांपैकी कुणी हयात असताना दाखल झालेला असावा लागतो. मनोरुग्ण किंवा अपंग असल्यामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला पेन्शन आयुष्यभर मिळते. अशा मुलाचा सरकारी दवाखान्याचा दाखला आईवडील हयात असतानाच काढून रेकॉर्डला लावावा, असा आमचा आग्रह असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"मी झेडपी शाळेत शिक्षिका आहे, मला मिळेल का?" मिळेल. पत्नीच्या पगाराचा किंवा तिच्या स्वतःच्या पेन्शनचा इथे संबंध येत नाही. "निवृत्तीनंतर हे सरकारी नोकरीत होते, तिथलीही पेन्शन आहे." २४ सप्टेंबर २०१२ पासून लष्कराकडची आणि नंतरच्या नोकरीची अशा दोन्ही कुटुंब पेन्शन घेता येतात. जुन्या काळी एकच निवडावी लागली असेल तर जरूर भेटा. "पुनर्विवाह केला तर?" साधारण कुटुंब निवृत्तीवेतन विधवेचं थांबून पात्र मुलांकडे जातं. मूल नसलेल्या विधवेचं उत्पन्नाच्या अटीवर चालू राहतं.

आयकरात पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यातली कमी रक्कम नव्या करप्रणालीत वजा होते. जुन्या प्रणालीत ही मर्यादा १५,००० आहे. लष्करी कारवाईत वीरमरण आलेल्यांच्या कुटुंबाची पेन्शन करमुक्त आहे.

पेन्शनशिवाय

ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड पत्नीच्या नावावर करून घ्या, म्हणजे तिचे आणि पात्र मुलांचे उपचार चालू राहतात. कॅन्टीन कार्डही तिच्या नावावर होतं. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत दरमहा २,००० रुपये शिक्षण मदत आणि दोन मुलींच्या लग्नासाठी प्रत्येकी १ लाख रुपये केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळतात. १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना हे दुप्पट झालेले दर आहेत. पेन्शन नसलेल्या सैनिकाच्या ६५ वर्षांवरील विधवेला नियमित उत्पन्न नसेल तर दरमहा ८,००० रुपये. इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएड अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला मूल असेल आणि आधीच्या परीक्षेत ६० टक्के असतील, तर पंतप्रधान शिष्यवृत्तीला अर्ज करा: मुलींना दरमहा ३,०००, मुलांना २,५००. महाराष्ट्रात माजी सैनिकाच्या विधवेच्या एका घराची घरपट्टी माफ होते. सैनिक बोर्डाचा दाखला ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्यावा लागतो.

आमच्याकडे येताना

पीपीओ, डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, दोघांचं आधार आणि पॅन, पत्नीच्या खात्याचं पासबुक, आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा. ओटीपी त्या मोबाइलवरच येतो, तेव्हा तो मुंबईच्या मुलाजवळ असेल तर त्याला फोनवर तयार ठेवा. ताई किंवा काकूंना चालवत नसेल तर आम्ही घरी येतो.

पेन्शनच्या अर्जाला सरकारी फी नाही, आणि सैनिक बोर्डात मार्गदर्शन मोफत मिळतं. आम्ही फक्त कागद तयार करण्याचे आणि पाठपुराव्याचे पैसे घेतो, ते आधी सांगून, पावती देऊन. थकबाकीतला टक्का आम्ही मागत नाही, आणि दुसऱ्या कुणी मागितला तर देऊ नका. स्पर्शचा पासवर्ड आणि ओटीपी आम्हालाही सांगू नका. स्क्रीनवर तुम्ही स्वतः टाका, आम्ही शेजारी बसतो.

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, ८०च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे सकाळी आजी-आजोबांसाठी वेगळी रांग असते.