सी ड्राइव्ह भरला म्हणून ‘विनएसएक्सएस’ उडवू नका

सोलापुरात चादरीच्या दुकानातल्या बिलिंग कॉम्प्युटरसाठीही हा सल्ला हमखास मिळतो: सी ड्राइव्ह लाल झाला की ‘विनएसएक्सएस’ या विंडोजच्या सिस्टम फाइल्स असलेल्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्या आणि डिलीट मारा. साफ चूक! फोल्डर कित्येक जीबींचा दिसतो खरा. पण त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंकमुळे, म्हणजे एकाच फाइलला दोन ठिकाणी नाव असल्यामुळे, ‘सिस्टम ३२’ फोल्डरमध्येही दिसतात. डिस्कवर फाइल एकच, एक्सप्लोरर मोजतो दोनदा. म्हणजे जागा सुटणार थोडी, आणि अपडेट अडकणार किंवा विंडोज सुरूच होणार नाही.

जागा हवीच तर डिस्क क्लीनअपमध्ये ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबून ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वर टिक करा. वेळ खातं, खाऊ द्या. ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा आधीच्या विंडोजचा फोल्डरही तिथूनच जातो, मात्र मग जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही.