ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही

लातूर-नांदेडला क्लाससाठी राहिलेल्या लेकरांपासून परभणीच्या दुकानदारापर्यंत सगळे एकमेकाला हेच सांगत आलेत की पैसे कटायलेत तर ॲप उडवून टाक, विषय संपला. नाही संपत! ॲप गेलं ते फक्त फोनमधून. पैसे कापायची परवानगी, म्हणजे मॅन्डेट, तुम्ही यूपीआय पिन टाकून दिलेला असतो आणि तो बँकेकडं तसाच चालू राहतो, एक-दोन रुपयांच्या ट्रायलला पिन टाकला तेव्हाच पुढच्या महिन्यांची रक्कमही मंजूर होऊन बसती, ते बारीक अक्षरात असतंय अन् घाईत कोणी वाचत नाही.

ज्या यूपीआय ॲपवरून पैसे गेले तेच उघडा, प्रोफाइलमध्ये ऑटोपे बघा, तिथं मॅन्डेटची यादी दिसती, नको असलेला रद्द करा. कंपनीनं कॅन्सलचं बटण कुठं का दडवलेलं असंना, हे तुमच्या हातात आहे. कार्डावरून कटत असतील तर बँकेकडून बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला पाहिजे, तो जाहिरात समजून पुसू नका, थांबवायची सोयपण त्यातूनच द्यावी लागती.

आणि बटण दडवणं ही काय कंपनीची हुशारी नाही, लबाडी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नवर, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीवर, बंदी घातली, त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप, म्हणजे बंद करणं मुद्दाम अवघड करून अडकवणं, नावानिशी आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा अन् १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, मराठीत बोललं तरी चालतं.