बिबट्या तुम्हाला दिसतोय, काकांना नाही: सस्पेन्स मेंदूत कसा तयार होतो

समजा सिडकोतली एखादी गल्ली आहे, संध्याकाळची वेळ, एका बंगल्याच्या कंपाउंडमध्ये बिबट्या दबा धरून बसलाय आणि समोरच्या गच्चीवरून तुम्हाला तो स्पष्ट दिसतोय. तेवढ्यात खालून एक काका दुधाची पिशवी घेऊन, फोनवर बोलत, निवांत चालत येतायत. आपल्या नाशिकमध्ये हे डोळ्यासमोर आणायला फार त्रास पडत नाही, वस्तीत शिरलेल्या बिबट्याचे व्हिडिओ सगळ्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलेत. आता सांगा, त्या क्षणी धडधड कोणाची वाढलीय? काकांची नाही, तुमची. कारण काकांना काही माहीतच नाहीये.

थ्रिलर पिक्चरसाठी गाजलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने हेच बॉम्बचं उदाहरण देऊन फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्सवा त्रुफोला समजावलं होतं. दोघंजण टेबलाशी गप्पा मारतायत आणि एकदम बॉम्ब फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे आधीच दाखवून ठेवलं तर त्याच साध्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. म्हणजे आपण समजतो त्याच्या उलटं आहे सगळं. प्रेक्षकापासून लपवलं की मजा येते असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि खुनी कोण टाइपच्या गोष्टीत ते खरंही आहे, पण घशाला कोरड पाडणारा जो सस्पेन्स असतो तो आपल्याला सगळं सांगून टाकल्यामुळे येतो.

याचा सगळ्यात चोख नमुना माझ्या मते हिचकॉकचा मोठा पिक्चर नाहीच, तर त्याने १९६१ साली टीव्हीसाठी केलेला 'बँग! यू आर डेड' हा अर्ध्या तासाचा एपिसोड आहे. एका लहान मुलाला आफ्रिकेतून आलेल्या काकाच्या बॅगेत खरं रिव्हॉल्व्हर सापडतं, त्याला वाटतं खेळण्यातलं आहे, तो त्यात गोळी भरतो आणि ते घेऊन बाहेर हिंडायला लागतो, अगदी सुपरमार्केटमध्येसुद्धा. मोठी माणसं त्याच्याकडे खेळातलाच मुलगा म्हणून बघतात. थ्रिलरचे नेहमीचे सगळे नियम यात आहेत: निष्पाप जीव, रोजची साधी जागा, हातातून निसटत चाललेला वेळ, मागून धावत सुटलेले आई-बाप, आणि जे आपल्याला माहितीये ते त्या मुलाला आणि त्याच्या आजूबाजूच्यांना माहीत नाही. पण सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे रिव्हॉल्व्हरमधली गोळ्यांची सगळी घरं भरलेली नाहीत, त्यामुळे चाप ओढला तर गोळी सुटेल की नुसता खटका वाजेल हे आपल्यालाही सांगता येत नाही. शेवट मी इथे सांगत नाही, स्वतः बघा.

ही 'सुटेल की नाही' वाली भानगड विज्ञानाच्या बाजूने फार महत्त्वाची आहे. २०१६ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी एक कॉम्प्युटर गेम बनवला, दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं आणि साप निघाला की हाताला विजेचा बारीक पण दुखेल असा झटका. लोकांना किती घाम येतो, डोळ्यांतल्या बाहुल्या किती मोठ्या होतात हे मोजलं तर सगळ्यात जास्त ताण झटका नक्की बसणार असताना आला नाही, तो आला शक्यता बरोबर निम्मी-निम्मी असताना. संकट पक्कं असलं की शरीर एकदाचं तयारीला लागतं, अर्धवट माहितीत मात्र मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत राहतो आणि तो अंदाज सेकंदासेकंदाला बदलत राहतो. हिचकॉकने हे पंचावन्न वर्षं आधी एका रिव्हॉल्व्हरमध्ये बसवून ठेवलं होतं!

हाच एपिसोड पुढे एमआरआय मशीनमध्ये गेला. उरी हॅसन आणि त्यांच्या टीमने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात वेगवेगळ्या प्रेक्षकांना मशीनमध्ये झोपवून तो दाखवला आणि सगळ्यांच्या मेंदूतल्या हालचाली एकमेकांशी किती जुळतात ते बघितलं. मेंदूच्या बाहेरच्या थराचा म्हणजे कॉर्टेक्सचा जवळपास ६५ टक्के भाग सगळ्यांमध्ये सारख्याच तालात चालत होता. एका गाजलेल्या वेस्टर्न म्हणजे काउबॉयवाल्या पिक्चरला हा आकडा ४५ टक्के आला, एका कॉमेडी मालिकेला १८, आणि न्यूयॉर्कच्या एका बागेत नुसता कॅमेरा लावून काढलेल्या शूटिंगला ५ टक्क्यांहून कमी. कॅमेरा चालू ठेवला म्हणून सिनेमा होत नाही ते इथे आकड्यात दिसतं. कुठे क्लोजअप, कुठे कट, बंदूक किती वेळ दाखवायची आणि मुलाचा चेहरा किती वेळ, यातून हिचकॉक हजारो अनोळखी लोकांची नजर एकाच जागी आणून ठेवत होता. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, नाशिकमध्ये त्यांनी पिक्चर बनवले, आणि तरी आपल्याकडे पिक्चरवरच्या गप्पा हिरो कोण अन् कमाई किती इथेच संपतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढचं वाचल्यावर मी दोन मिनिटं नुसता बसून होतो. कॅनडातल्या लॉरिना नासी आणि एड्रियन ओवेन यांच्या टीमने २०१४ साली याच एपिसोडची आठेक मिनिटांची आवृत्ती अशा एका पेशंटला दाखवली जो १६ वर्षं कशालाच प्रतिसाद देत नव्हता. निरोगी लोकांमध्ये गोष्ट समजून घेणारा, पुढचा अंदाज बांधणारा मेंदूचा जो भाग ताणाच्या जागी जागा होत होता, तोच भाग या पेशंटमध्ये त्याच जागी तसाच जागा झाला. म्हणजे तो आतून गोष्ट समजत होता, 'बंदूक खरी आहे आणि पोराला माहीत नाही' हे त्याला कळत होतं. १६ वर्षं! सस्पेन्स ही टाइमपासची गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो, कारण दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे आणि काय नाही हे धरून चालल्याशिवाय सस्पेन्स लागूच पडत नाही.

टेन्शनच्या सीनला बाजूच्याने पॉपकॉर्न सांडलं तरी कळत नाही, त्यालाही कारण आहे. जॉर्जिया टेकमध्ये २०१५ साली सस्पेन्सचे सीन दाखवताना पडद्याच्या कडेने लुकलुकणारे चौकटीचे पट्टे लावले होते. सीनमधला ताण वाढला की नजरेच्या कडेचं बघणारा मेंदूचा भाग मंद व्हायचा आणि मधलं बघणारा जोरात चालायचा. आणि हे डोक्यापुरतं राहत नाही. जर्मनीतल्या माइन्झ शहरात संशोधकांनी थिएटरमधून बाहेर जाणारी हवा मोजली, साधारण ९,५०० प्रेक्षक आणि १६ वेगवेगळे पिक्चर, तर थरारक सीनला हवेतलं कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन नावाचं रसायन वाढायचं आणि त्याच पिक्चरच्या दुसऱ्या शोला पुन्हा त्याच जागी वाढायचं. आयसोप्रीन स्नायूंमध्ये साठलेलं असतं, आपण सीटवर आखडून बसतो किंवा चुळबुळ करतो तेव्हा ते श्वासातून बाहेर पडतं.

मग शेवट माहीत असलेला पिक्चर परत बघताना छातीत धस्स का होतं? रिचर्ड गेरिग या मानसशास्त्रज्ञाने १९८९ साली यावर काम केलं. जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले हे तिथल्या शाळेतल्या पोरालाही माहितीये, पण ते होतील की नाही असा प्रश्न पडेल अशा पद्धतीने लिहिलेला परिच्छेद आधी वाचायला दिला की लोकांना 'हो, झाले' म्हणायला जास्त वेळ लागायचा. गोष्ट चालू असताना मेंदू आपल्या माहितीच्या कपाटात जाऊन बघतच नाही, असं त्यातून दिसतं.

म्हणून हा एपिसोड दोनदा बघा असं मी सांगेन. पहिल्यांदा फोन बाजूला ठेवून गोष्ट म्हणून बघा, आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त एवढंच बघा की रिव्हॉल्व्हर फ्रेममध्ये कधी येतं, किती मोठं दिसतं आणि त्या वेळी मोठी माणसं कुठे बघत असतात. शेवट माहीत असूनही कुठे ना कुठे तुमचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेला सापडेल.