भुईमुगाची टिक्का व तांबेरा रोगप्रतिकारकता

भुईमुगाच्या पानांवर येणाऱ्या बुरशीजन्य रोगांना तोंड देण्याची आनुवंशिक क्षमता. टिक्का म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा रोग; तो दोन प्रकारचा असतो. लवकर येणाऱ्या टिक्क्याच्या तपकिरी ठिपक्याभोवती पिवळे वलय दिसते. उशिरा येणाऱ्याचा ठिपका लहान, गोल, आणि पान उलटून पाहिले तर काळाकुट्ट असतो. तांबेऱ्याच्या विटकरी पुटकुळ्याही मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूस असतात. बोट फिरवले की भुकटी लागते. टिक्क्याने पाने गळतात, तांबेऱ्याने ती वाळून झाडालाच लटकतात. दोन्ही रोग एकत्र आले तर निम्म्याहून अधिक उत्पन्न जाऊ शकते, शिवाय जनावरांचा पालाही हातचा जातो.

प्रतिकारक जातीला रोग लागतच नाही, हा समज चुकीचा आहे. बुरशी पानात शिरते, पण ठिपके कमी व लहान पडतात, उशिरा पडतात आणि त्यांवर बीजाणूही थोडेच तयार होतात. त्यामुळे हंगामात रोगाची आवर्तने कमी होतात आणि शेंगा भरेपर्यंत पाला हिरवा राहतो.

लागवडीच्या भुईमुगात हा गुण फार थोडा आढळतो. तो मुख्यतः 'अ‍ॅराकिस कार्डेनासी' या रानटी प्रजातीतून आला. तिचे बी १९६१ मध्ये बोलिव्हियात गोळा केले गेले. पण भुईमुगाची गुणसूत्रे ४० आणि या प्रजातीची २०, त्यामुळे संकरातून ३० गुणसूत्रांचे वांझ झाड मिळे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील संशोधकांनी कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रे दुप्पट, म्हणजे ६० केली. पुढच्या पिढ्यांत ती घटत पुन्हा ४० वर आली. या चिकाटीच्या कामाचे मोल फार मोठे आहे. त्या संकरांचा वारसा हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतील वाणांत आणि धारवाडच्या 'जीपीबीडी ४' या जातीत उतरला.

रानटी गुणांबरोबर जाड टरफल आणि उशिरा पक्वता हे दोषही येतात. म्हणून 'जीपीबीडी ४'मधील नेमका गुणसूत्रखंड रेण्वीय खुणांच्या (डीएनएवरील ओळखखुणांच्या) साहाय्याने रोगाला बळी पडणाऱ्या लोकप्रिय जातींत घालण्यात आला. जळगावची 'जेएल २४' म्हणजेच फुले प्रगती आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची 'टीएजी २४' या त्यांपैकीच.

इतक्या जातींनी एकाच रानटी प्रजातीवर विसंबणे मात्र धोक्याचे आहे, बुरशीही बदलते. त्यामुळे 'अ‍ॅराकिस स्टेनोस्पर्मा'सारख्या इतर प्रजातींशीही संकर केले जात आहेत.